जूनचं पाणी सोडा, श्रावणातलं धरा



आपल्या जव्हार-मोखाड्यात पहिला पाऊस पडला की सगळा पाडा बाहेर येतो. पोरं भिजतात आणि बाया पागोळीखाली मिळेल ते भांडं लावतात. हंडा, बादली, घमेलं, पातेलं, काहीही. उन्हाळाभर झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरलेला असतो, मग हे होणारच. पण चार दिवसांनी भांडी आत जातात आणि पुढं तीन महिने पागोळ्या अंगणातून वाहून जातात. माझं म्हणणं एवढंच, की आपण जूनचं पाणी धरतो आणि श्रावणातलं सोडतो. व्हायला पाहिजे नेमकं उलटं.

आपल्याकडं पाऊस कमी पडतो असं कोणी म्हणू नये. वर्षाला अडीच हजार मिलीमीटर आणि वर. मराठवाड्यात सरासरी सातशेच्या आसपास. तरी फेब्रुवारी-मार्चपासून टँकरची वाट आपणच बघतो. कारण पायाखाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि सगळा उतार. पाणी मुरत नाही, थांबत नाही, थेट वैतरणा नाहीतर पिंजाळ गाठतं. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे, पाणी मुंबईला जातं. त्यावर बोलायलाच हवं. पण त्या पाण्याचा निकाल लागेपर्यंत आपल्या छपरावरचं पाणी तरी आपलं आहे. ते खाली उतरलं की आपलं राहत नाही.

आता हिशोब करू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. घराचं छप्पर ४० चौरस मीटर धरा. उडालेलं, सांडलेलं वीस टक्के सोडा. तरी मिलीमीटरला ३२ लिटर हाती लागतं. अडीच हजार मिलीमीटरला ८० हजार लिटर!

एवढं साठवायची गरज नाही. पाच माणसांच्या घरात प्यायला आणि रांधायला माणशी ६ लिटर धरलं तर रोजचे ३० लिटर. होळी ते मृग फार तर १०० दिवस. म्हणजे ३ हजार लिटर. ५ हजार लिटरची टाकी असली तर पाहुणेरावळेही निघतात. बोहाड्याच्या दिवसांत घरी माणसं येतात आणि हंडे रिकामे असतात, ते तरी टळेल. ही टाकी भरायला १६० मिलीमीटर पाऊस पुरतो. आपल्याकडं जुलैत तो काही दिवसांत पडून जातो.

म्हणून टाकीचं वेळापत्रक असं ठेवा:

जून: पहिल्या सरी सोडून द्या. छपरावर धूळ, पालापाचोळा, पाखरांची घाण असते. पुढंही दोन-चार दिवस उघडीप पडली की पहिले चार-पाच हंडे बाजूला काढा, मगच पाइप टाकीत घ्या.

जुलै: टाकी भरू द्या आणि वापरा. पावसानं दडी मारली आणि नागलीची, भाताची रोपं पिवळी पडू लागली, तर गुंठाभर रोपवाटिकेला १० मिलीमीटरचं पाणी म्हणजे फक्त हजार लिटर. तेवढ्यानं रोप तगतं आणि दुबार पेरणी टळू शकते.

ऑगस्ट: टाकी रिकामी करून आतून घासा. श्रावणाच्या सरींनी पुन्हा भरा. गौरी-गणपतीपर्यंत काठोकाठ भरून झाकण बंद. परतीच्या पावसावर भरवसा ठेवू नका.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर, बांधकामावर जाणाऱ्यांनी नळाला कुलूप लावून जावं. पाणी अंधारात राहिलं की शेवाळ धरत नाही. तोंडाला बारीक जाळी असली की डास जात नाहीत. प्यायचं पाणी मात्र उकळूनच घ्या. गवताच्या छपराचं पाणी तांबूस येतं, ते गुरांना आणि परसातल्या वेलांना ठेवा.

काही जण म्हणतील, घरोघरी टाक्या कशाला, विहीर खोल करा, बंधारे बांधा. बंधारे हवेतच, शेताला ते लागतातच. पण कातळातली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते, आणि बंधारा खाली ओहोळावर असतो. तिथून चढ चढून हंडा आणायचा तो बाईनंच. दारातली टाकी तो चढ वाचवते. या कामात बाईच्या डोक्यावरचं ओझं हेच पहिलं माप धरलं पाहिजे.

दुसरा प्रश्न पैशाचा, आणि तो खरा आहे. पन्हाळ अर्धा चिरलेल्या पीव्हीसी पाइपचं घरी होतं. टाकीचा खर्च मात्र हातावर पोट असलेल्या घराला झेपत नाही. म्हणून ग्रामसभेत बोला. आपली गावं पेसातली आहेत, अबंध निधीचा आराखडा ग्रामसभेतच ठरतो. घरकुल मंजूर होताना पन्हाळ आणि टाकी सोबतच मागा. जाळी-सिमेंटची फेरोसिमेंट टाकी गावातला गवंडी शिकून बांधू शकतो, मजुरीही गावातच राहते. कृषी सहायकांनाही विनंती: शेततळ्याचा प्रचार करता तसा या टाकीचाही करा.

पहिला पाऊस अंगावर घ्या, नाचा, भिजा. फक्त भांडी उचलून आत ठेवू नका. खरं पाणी अजून यायचंय.

तुमच्या पाड्यावर कोणाकडं अशी टाकी असेल तर किती लिटरची आणि कोणत्या महिन्यापर्यंत पुरते, ते खाली लिहा. बाकीच्यांना अंदाज येईल.