चष्म्याचा रंग नको, त्यावरचा आकडा पाहा

काही महिन्यांपूर्वी बंगळुरूतील एका दंतचिकित्सालयात माझ्या हिरडीवर लेझरने छोटीशी शस्त्रक्रिया झाली. यंत्रावर ८१० नॅनोमीटर ही तरंगलांबी लिहिलेली होती. मला गडद चष्मा देण्यात आला. डॉक्टर आणि त्यांच्या सहायिकेने मात्र नारिंगी चष्मे चढवले. दातात भरलेले मिश्रण निळ्या प्रकाशाने कडक करताना वापरतात, तेच हे चष्मे. ते या लेझरसाठी आहेत का, असे मी विचारले. ‘आम्ही नेहमी हेच वापरतो,’ असे उत्तर आले.

प्रयोगशाळेत रोज लेझर हाताळणाऱ्या माणसाला हे उत्तर अस्वस्थ करते. नारिंगी काच निळा प्रकाश अडवते, कारण ती त्याच कामासाठी घडवलेली असते. ८१० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश तिच्यातून सहज पार होऊ शकतो. डोळ्यावर चष्मा आहे या समाधानात माणूस अधिकच निर्धास्त होतो, आणि खरा धोका तेथेच आहे.

२०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी मिरवणुकांतील लेझर झोतांवर बंदी घातली, तेव्हा लेझर आणि डोळे हा विषय घरोघरी चर्चिला गेला. मिरवणुकीतला हिरवा झोत निदान दिसतो. पापणी सुमारे पाव सेकंदात मिटते आणि मान वळते. दंतवैद्यांच्या डायोड लेझरचा प्रकाश दिसतच नाही. यंत्रातून दिसणारा लाल ठिपका हा नेम धरण्यासाठी दिलेला वेगळा, क्षीण झोत असतो. अदृश्य प्रकाशापुढे पापणी मिटत नाही. दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नसल्याने इजा झाली तरी ती त्या क्षणी कळेलच असे नाही.

सुमारे ४०० ते १४०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून दृष्टिपटलावर एकवटतो. बुबुळापाशी असलेली तीव्रता तेथे पोहोचेपर्यंत सुमारे एक लाख पटींनी वाढू शकते. ज्या मेलॅनिनमुळे हा लेझर काळवंडलेल्या हिरडीवर प्रभावी ठरतो, तेच रंगद्रव्य दृष्टिपटलाच्या मागच्या थरातही असते. एर्बियम लेझरची तरंगलांबी २९४० नॅनोमीटर असते. तो प्रकाश पाण्यात शोषला जातो, म्हणून तेथे धोका डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाला असतो. यंत्र बदलले की चष्माही बदलावा लागतो तो यासाठी.

तंतूच्या टोकातून निघणारा झोत पसरत जातो, त्यामुळे अंतर वाढले की धोका घटतो, हेही सांगायला हवे. परंतु दंतवैद्याचा चेहरा रुग्णाच्या तोंडापासून जेमतेम दीड फुटावर असतो, आरसा आणि स्टीलची हत्यारे प्रकाश परावर्तित करतात, आणि अर्ध्या वॅटहून अधिक शक्तीचे सलग चालणारे लेझर सर्वाधिक धोक्याच्या चौथ्या वर्गात मोडतात. शिवाय रुग्ण वर्षातून एकदा येतो. डॉक्टर व सहायिका तेथे रोज उभ्या असतात.

त्याच खोलीतील क्ष-किरण यंत्र अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली येते, कारण क्ष-किरण आयनीकरण घडवतात. लेझर त्या कक्षेबाहेर राहतो. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ यंत्राची निर्मिती, आयात व विक्री पाहतात. भारतीय मानक ब्यूरोचे लेझर-सुरक्षेचे मानक, आयएस १४६२४, उपलब्ध आहे. कागदावर उणीव फारशी नाही. यंत्र चिकित्सालयात पोहोचल्यावर ते चालवणाऱ्यांचे डोळे कोण तपासणार, हा प्रश्न मात्र उरतोच.

माझ्या मते उपाय साधे आहेत. प्रत्येक दंतमहाविद्यालयात लेझर-सुरक्षेची जबाबदारी एका प्रशिक्षित व्यक्तीकडे असावी. लेझरचा वापर अभ्यासक्रमात शिकवताना तरंगलांबी आणि चष्म्याची प्रकाशीय घनता परीक्षेत विचारली जावी. घनता ५ म्हणजे त्या तरंगलांबीचा लाखातला एकच भाग आत जातो. हे गणित बारावीच्या विद्यार्थ्यालाही जमते. यंत्र सुरू होण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाच्या चष्म्यावरचा आकडा यंत्रावरच्या आकड्याशी जुळवावा, आणि दारावर सूचना लावावी. भिंगे लावून काम करणाऱ्यांनी तर अधिकच काळजी घ्यावी, कारण भिंगे डोळ्यात अधिक प्रकाश गोळा करतात.

त्या दिवशी सहायिकेने कपाट उघडले. यंत्रासोबत आलेले योग्य चष्मे वेष्टनातच होते. कडेवर तरंगलांबीची मर्यादा आणि घनता, दोन्ही स्पष्ट छापलेले होते. तिने ते वाचले, एक स्वतः घातला आणि दुसरा डॉक्टरांच्या हाती दिला. खर्च काहीच झाला नाही. आकडा वाचण्याइतका वेळ लागला.

भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मित्रांनो, पुढच्या वेळी त्या खुर्चीत बसलात, तर तोंड उघडण्यापूर्वी हा एक प्रश्न जरूर विचारा.