महाडहून वेळासकडे

दरवर्षी २० मार्चला आपल्यापैकी अनेक कुटुंबे नाशिकहून महाडला जातात. चवदार तळ्याला अभिवादन करून काही जण पुढे मंडणगड तालुक्यातील आंबडवे या बाबासाहेबांच्या मूळ गावीही जाऊन येतात. त्याच तालुक्यात, महाडची सावित्री बाणकोटजवळ सागराला मिळते तिथून जवळच, वेळास हे गाव आहे. त्या दिवसांत तेथील वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले बाहेर पडत असतात. इतक्या जवळ जाऊन आम्ही कित्येकदा तसेच परतलो, याची खंत वाटते.

कासव धम्मसाहित्याला परके नाही. महासागरातील आंधळे कासव शंभर वर्षांतून एकदा वर यावे आणि लाटांवर भरकटणाऱ्या जोखडाच्या एकुलत्या छिद्रात नेमकी त्याची मान जावी, इतका मनुष्यजन्म दुर्लभ, असा दृष्टान्त संयुत्तनिकायात आहे. ज्याच्या उदाहरणाने ही दुर्लभता सांगितली गेली, त्या जीवाचाच जन्म आज माणसाने दुर्लभ करून ठेवला आहे.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे कार्यकर्ते समुद्रगरुडांच्या पाहणीसाठी वेळासच्या किनाऱ्यावर गेले असता त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. खाण्यासाठी व विकण्यासाठी घरटी उकरली जात होती. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून होता. पण रात्री वाळूवर कायदा कोण पाहतो? मादीच्या पावलांचा माग गावकऱ्यांनाच ठाऊक होता. संस्थेने त्यांनाच राखणदार केले. एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात. ती हलक्या हाताने कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची, सुमारे दीड-दोन महिने राखायची आणि पिल्ले समुद्राकडे सोडायची, हे काम गावाने अंगावर घेतले. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, जेवू लागले; पिल्ले जगण्याशी गावाच्या चुलीचाही संबंध जुळला.

आमच्या मते वेळासचे मर्म येथे आहे. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील आपण रोज म्हणतो. परंतु ज्याच्या घरी पोटाचा प्रश्न आहे त्याला नुसते शील सांगणे सोपे असते. तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान दिले ते उगीच नव्हे.

समुद्र आपल्यापासून दूर आहे, असेही कोणी समजू नये. नाशिकची गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते आणि तिच्या मुखाशी, कोरिंगाच्या परिसरातही, हीच कासवे अंडी घालतात. पाण्यात तरंगणारी प्लास्टिकची पिशवी समुद्री कासवाला जेलीफिश वाटते व ते ती गिळते. घाटावर आपण सोडलेली पिशवी कुठे थांबते, ते कोण सांगणार? पाण्याच्या हक्कासाठी महाडला लढलेल्यांचे वारस म्हणून त्या पाण्यात काय जाते, याची चौकशीही आपणच करायला हवी.

आमची सूचना एवढीच, की शाळेची पुढील महाड-सहल एक मुक्काम वाढवून वेळासला न्यावी. मुले गावकऱ्यांच्या घरी उतरतील, पहाटे किनाऱ्यावर जातील. मोबाइल व विजेऱ्या बंद असाव्यात, कारण उजेडाने पिल्लांची दिशा चुकते. पिल्ले कोणत्या दिवशी बाहेर येतील याचा नेम नसतो. एखाद्या वर्षी टोपलीखाली काहीच नसेल. तरीही जावे.