हलाल तर आहे, पण तय्यिब आहे का?

जेली-चॉकलेटचं पाकीट हातात आलं की आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो, 'यात जिलेटीन तर नाही ना?' प्रश्न रास्तच आहे. पण सूरह बकराच्या १६८व्या आयतीत 'हलाल'ला लागूनच 'तय्यिब' हा शब्द आहे. तय्यिब म्हणजे पाक, स्वच्छ, प्रकृतीला चांगलं. हा दुसरा प्रश्न बहुतेकदा विचारायचा राहून जातो.

मार्च २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकने, म्हणजे बेळगाव-निपाणीतही, रंगीत 'बुढ्ढी के बाल' विकायला बंदी केली. तपासलेल्या २५ नमुन्यांपैकी १५ असुरक्षित निघाले होते. या गुलाबी रंगासाठी वापरलं जाणारं रोडामाईन-बी हे खरं तर कापड-कागद रंगवायचं रसायन आहे. खाण्यात त्याला मुळीच परवानगी नाही. बिनरंगी, पांढऱ्या बुढ्ढी के बालवर मात्र बंदी नव्हती. दोष रंगाचा होता.

पाकीटबंद खाऊत कायद्याने ठरावीक कृत्रिम रंगच चालतात, तेही मर्यादेत. पाकिटामागे त्यांचे क्रमांक असतात. १०२, ११०, १२२, १२४ हे चार लक्षात ठेवा. युरोपात हे रंग असलेल्या खाऊवर 'मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर वाईट परिणाम होऊ शकतो' अशा अर्थाची सूचना २०१० पासून सक्तीची आहे. एका गोळीने मूल आजारी पडत नाही, पण सकाळी जेली, दुपारी रंगीत पेप्सी, संध्याकाळी क्रीमचा केक असं झालं की इवल्याशा शरीरात बेरीज वाढत जाते.

मग करायचं काय? मुलांना तोडून नकार देऊ नये, ती चोरून खातात. उरुसात, ईदच्या मेळ्यात पांढरा बुढ्ढी के बाल घेऊन द्यावा. पाकीट मुलांनाच वाचायला लावावं. शाळेत आमचा अनुभव आहे, क्रमांक शोधायचा खेळ त्यांना फार आवडतो. आपल्या रत्नागिरीत आंबापोळी, फणसपोळी, नारळाची वडी यांना रंग लागतच नाही. सरबताला कोकमाचं आगळ पुरे.

आणि भगिनींनो, जर्द्यात, बिर्याणीत पडणारी सुट्ट्या रंगाची बिननावाची पुडीही एकदा तपासा. तिच्यावर ना क्रमांक असतो, ना बनवणाऱ्याचं नाव. केशर महाग वाटलं तर चिमूटभर हळद चालेल. रंग थोडा फिका येईल, पण पाहुण्यांसमोर ठेवलेली थाळी हलालही असेल आणि तय्यिबही, इन्शाअल्लाह.