मागे राहणाऱ्यांचे धैर्य

सागरावर एकाकी जाणाऱ्याचे धैर्य जग वाखाणते. परंतु घर सांभाळीत त्याची वाट पाहणाऱ्यांचे धैर्य का कमी मोलाचे असते? १९६८ साली नऊ दर्यावर्दी शिडाच्या नौकांतून, कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्यास निघाले. मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’ नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ३१२ दिवसांनी परतले. ती शर्यत पुरी करणारे ते एकटेच होत. डोनाल्ड क्रोहर्स्ट यांची नौका मात्र १९६९ च्या जुलैत भर समुद्रात रिकामी सापडली. त्यांची पत्नी व चार मुले घरी वाट पाहत होती. नॉक्स-जॉन्स्टन यांनी बक्षिसाचे ५,००० पौंड त्या कुटुंबास दिले. समुद्र जिंकणे थोर खरे. परंतु मागे राहिलेल्यांचे दुःख जाणणे त्याहूनही थोर होय.