नाग्या कोण?



पाड्यावर आता सोम्या, बुध्या, शुक्र्या जन्मतच नाहीत. बुधवारी झाला तो बुध्या, एवढं सोपं होतं. आता सगळे राहुल नि विकास. आवडतं तर ठेवा. पण शाळेत मास्तरनं नाग्याचा नागेश केला, ते आपण का चालवून घेतलं? जंगलखात्याच्या दंडाच्या पावतीवर बाप नाग्या, पोराच्या दाखल्यावर बाप नागेश. जमिनीचा दावा घेऊन गेलं की कारकून विचारतो, हा नाग्या कोण? मग हेलपाटे सुरू.

सांगा त्याला, १९३० साली चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीनं शहीद झाला तोही नाग्याच होता, नाग्या कातकरी.

यंदा बारसं असेल त्या घरानं आज्याचं नाव खुशाल ठेवावं. ग्रामसेवकाकडे नोंदताना हाक मारता तसंच लिहून घ्या, आणि लिहिलेलं वाचून दाखवायला लावा.