पूर्व की पश्चिम? आधी कागद दाखवा!

कोपरला घर बघतोय असं कुणी म्हटलं की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पूर्वेला की पश्चिमेला?" जणू रुळांच्या एका बाजूला पुण्यवान राहतात आणि दुसऱ्या बाजूला बाकीचे! डोंबिवलीकरांचं हे भांडण जुनं आहे आणि कोपर त्याचंच शेपूट.

बरं, तुलना करायचीच तर करू. लोकल दोघांना सारखीच. फास्ट गाडी कोपरला थांबत नाही, स्लो पकडा नाहीतर डोंबिवली गाठा. वसई-दिवा मार्गाचं वरचं कोपरही दोघांचंच, पण त्या गाड्या मोजक्या. पूर्वेकडून कल्याण-शीळ रस्ता सोयीचा. पश्चिमेला मोठागाव-माणकोली पूल झाल्यापासून ठाण्याकडे जाणं सोपं झालंय. दोन्हीकडे जायचं तर मध्ये कोपर पूल. तो धोकादायक ठरवून सप्टेंबर 2019 मध्ये बंद केला आणि सप्टेंबर 2021 मध्ये नवा पूल उघडला. त्या दोन वर्षांत गाडीवाल्यांना ठाकुर्लीच्या पुलाशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणजे बाजू निवडण्याला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही.

पण मंडळी, हे सगळं नंतरचं. आधी बघायचं ते इमारतीचे कागद, आणि नेमके तेच कुणी बघत नाही.

कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींचं प्रकरण आठवतंय ना? महापालिकेच्या बांधकाम परवानग्याच बनावट केल्या, त्या जोडून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले आणि फ्लॅट विकले. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. आत राहणाऱ्यांपैकी कित्येकांनी गृहकर्ज काढलं होतं, आयुष्यभराची बचत ओतली होती. पुढे मोर्चे झाले, पुढाऱ्यांची आश्वासनं झाली. फसवणारा वेगळा आणि झोप उडालेली माणसं वेगळी. या कुटुंबांना "तुम्हीच नीट बघायला हवं होतं" असं सुनावणाऱ्यांचा मला रागच येतो. रेराचा क्रमांक बघितला म्हणजे नीटच बघितलं होतं की त्यांनी!

म्हणूनच "रेरा नंबर आहे हो" यावर आता समाधान मानू नका. बांधकाम परवानगीचा क्रमांक घ्या आणि महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ही परवानगी तुम्हीच दिली का, असं विचारा. भोगवटा प्रमाणपत्र मागा. सातबारा काढा. वकील स्वतःचा लावा, बिल्डरने सुचवलेला नको. आणि रजिस्ट्रेशन झालं म्हणजे इमारत अधिकृत झाली, हा समज तर डोक्यातून काढूनच टाका. तिथे तुमच्या व्यवहाराची नोंद होते, बांधकामाची तपासणी नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अहो, सगळेच राहतात, कोण पाडतंय?" नाही पाडली असं समजू. पण उद्या विकायला काढाल तेव्हा समोरच्याची बँक हेच कागद मागणार. बाजारभावापेक्षा काही लाखांनी स्वस्त मिळालेलं घर स्वस्त नसतं. ते काही लाख कागदांचे असतात, आणि ते तुम्हाला दिलेलेच नसतात.

दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे "भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात." वा! आणि न्यायालयाने पाडायला सांगितलेल्या घराचा हप्ता वीस वर्षं भरणं म्हणजे गुंतवणूक काय? भाड्याचं घर पटलं नाही तर अकरा महिन्यांनी सामान उचलून पलीकडच्या बाजूला जाता येतं. हप्ता मात्र सोबत येतो, भिंती असोत वा नसोत. कागद असलेलं घर आज परवडत नसेल तर भाड्याने राहा, त्यात कसली लाज?

तेव्हा काका-मामा-मावशी, इतकंच करा. पुढच्या वेळी घरातलं कुणी फ्लॅट बघून आलं की कुठल्या बाजूला, कितव्या मजल्यावर, हॉल केवढा हे नंतर विचारा. आधी विचारा, "भोगवटा प्रमाणपत्र डोळ्यांनी बघितलंस का?" पूर्व-पश्चिम भांडायला अख्खं आयुष्य पडलंय. :)