एक सिनेमा आपल्या पसंतीचा

मैत्रिणींनो, आपल्या घरी टीव्हीचा रिमोट दिवसभरात कुणाकुणाच्या हातात असतो, ते एकदा मोजून पाहा. सकाळी नवऱ्याच्या बातम्या, दुपारी मुलांचं कार्टून, संध्याकाळी क्रिकेट. आपल्या वाट्याला येते ती भाजी निवडता निवडता, कुकरच्या शिट्ट्या मोजत पाहिलेली मालिका. सिनेमा पाहतोही आपण, पण दुसऱ्या कुणीतरी लावलेला आणि मधूनच उठून चहा टाकायला गेलेला. स्वतः निवडून, निवांत बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत असा सिनेमा आपण कधी पाहिला होता? आठवावं लागतं ना?

वेळ नसतो, हे खरंच. पण २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ आला तेव्हा गावोगावच्या बायका घोळक्याने थिएटरात गेल्याच की! सासू-सुना, जावा-जावा, भिशीच्या मैत्रिणी. त्याआधी १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’लाही अशीच झुंबड उडाली होती. म्हणजे ठरवलं तर वेळ निघतो. रडवणारा सिनेमा जरूर पाहावा, मन हलकं होतं. पण पाहून झाल्यावर आपल्याला बोलतं करणारे सिनेमेही असतात, आणि आपल्याला त्यांची जास्त गरज आहे असं मला वाटतं. अशाच काही सिनेमांची ही यादी.

सुरुवात हसतखेळत करू. परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) मुलांना घेऊन पाहा. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ कसा काढला, त्याची ही गोष्ट. त्या सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून तारामती झाले साळुंके नावाचे एक गृहस्थ! पण पडद्यामागे एक बाई होतीच. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. त्यांनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडायचं काम शिकून घेतलं आणि शिवाय सगळ्या मंडळींना रांधून वाढलं. आपल्याकडचा सिनेमा असा एका गृहिणीच्या घरातून सुरू झाला.

मग ‘कुंकू’ बघा. साल १९३७, प्रभात कंपनी, दिग्दर्शक व्ही. शांताराम. एका तरुण मुलीला फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधतात. ती विहीर जवळ करत नाही की नशिबाला बोल लावत नाही. हे लग्न मला मान्य नाही, एवढंच ती ठामपणे सांगते आणि त्यावर टिकून राहते. शांता आपटेंनी ही मुलगी अशी उभी केलीय की आज बघतानाही छाती धडधडते. आणि तिच्या बाजूने कोण उभं राहतं? त्याच म्हाताऱ्याची विधवा, समाजकार्य करणारी लेक. ते काम शकुंतला परांजपे यांनी केलं. प्रत्यक्षातही त्यांनी कुटुंबनियोजनाचा प्रचार केला, तोही लोक नावं ठेवत असतानाच्या काळात.

या शकुंतलाबाईंच्या कन्या म्हणजे सई परांजपे. त्यांचा ‘कथा’ (१९८३) हिंदी असला तरी चाळीतलं वातावरण अगदी आपलं आहे. गोडबोल्या, थापाड्या तरुणावर सगळी चाळ भाळते आणि सरळमार्गी राजाराम बाजूला पडतो. लग्नाच्या वयाची मुलगी घरात असेल तर हा सिनेमा तिच्यासोबत बघाच. उपदेश न करता बरंच काही सांगून होईल!

आता ‘उंबरठा’ (१९८२). शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. स्मिता पाटीलची सुलभा सुखवस्तू घरातली सून. घरात काही कमी नाही. पण शिकलेल्या समाजकार्याचा उपयोग व्हावा म्हणून ती दूरच्या गावी महिलाश्रमात नोकरीला जाते. लहान मुलगी घरी राहते. आमच्या बचत गटाने एका शनिवारी समाजमंदिरात हा सिनेमा लावला होता. संपल्यावर जो वाद पेटला! “पोर आईलाच शोधते हो, असं कसं सोडून जायचं?” एक जण म्हणाली. दुसरी उसळून म्हणाली, “तिचा नवरा दुबईला गेला असता, तर पोरीला सोडून कसा गेला असं कुणी विचारलं असतं का?” सगळ्या गप्प. मग कोपऱ्यात बसलेल्या, एरवी हप्ता भरून मुकाट्याने जाणाऱ्या एक आजी बोलल्या, “तुला काय करायचंय, असं मला जन्मात कुणी विचारलं नाही गं.” त्या संध्याकाळी आम्हाला घरी जायला आठ वाजले. कोण बरोबर, कोण चूक, ते काही ठरलं नाही. पण त्या आजी आता प्रत्येक बैठकीत बोलतात.

तीच गोष्ट ‘दोघी’ची (१९९५). सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा सिनेमा. लग्नाच्या दिवशीच नवरदेव अपघातात जातो आणि गौरी अपशकुनी ठरते. पुढे घर चालावं म्हणून तिला मुंबईला पाठवतात, आणि ती ज्या वाटेला ढकलली जाते तिचे पैसे मात्र घराला चालतात. धाकट्या बहिणीच्या लग्नात ती समोर येते तेव्हा तिचं काय करायचं? आपल्याकडे हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं नाही, हे अजूनही ठरवलं जातंच ना? मग ‘दोघी’ आपल्यासाठीच आहे.

घरात विसरायला लागलेले सासू-सासरे किंवा आईवडील असतील तर याच दोघांचा ‘अस्तु’ (२०१३) पाहा. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे विद्वान हत्तीमागे चालत निघून जातात आणि त्यांना शोधताना लेकीचा जीव टांगणीला लागतो. सांभाळणाऱ्या बाईची चिडचिड आणि माया दोन्ही खऱ्या असतात, हे त्यात दिसतं. आपणच तेवढ्या चिडक्या नाही, हे कळलं तरी केवढा धीर येतो!

नुसती मजा हवी? मग ‘बिनधास्त’ (१९९९) आहे. रहस्यकथा, आणि मुख्य भूमिकांत सगळ्या बायकाच. आणि ‘सैराट’ (२०१६) गाण्यांसाठी पाहिला असेल, तर आता शेवटासाठी पुन्हा पाहा. वयात आलेली मुलं शेजारी बसलेली असू देत. जात आणि घराण्याची इभ्रत यापायी पोटच्या मुलीच्या जिवावर उठायचं का, हे त्या दिवशी घरात मोठ्याने बोललं गेलं पाहिजे.

महिन्यातून एक दिवस ठरवून टाका. मोबाईलवर, टीव्हीवर, कसंही जमवा. चार घरच्या चौघी एका घरी जमा. त्या दिवशी स्वयंपाकाला फक्त खिचडी, आणि तीही आधीच करून ठेवलेली. मधे कुणी उठायचं नाही. सिनेमा संपला की लगेच पदर खोचून घरी पळायचं नाही, अर्धा तास बसून बोलायचं. घरचे विचारतील, “काय एवढं बघत होतात?” तर त्यांनाही पुढच्या वेळी बोलवा. मात्र सिनेमा निवडायचा आपणच!